दगडावरची मोकळी जागा

जर्मनीतल्या येना गावात आमच्या इमारतीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर दफनभूमी आहे. तिथे तिसऱ्या ओळीत एक करडा दगड आहे. वर डीटर लिंडनर हे नाव आणि जन्ममृत्यूची वर्षं. खाली तोमिको लिंडनर, जन्माचं वर्ष, आणि पुढे 'गेब.' अशी कोरलेली अक्षरं. ती 'गेबोरेन'ची. जन्मानं कोण, म्हणजे माहेरचं आडनाव काय, ते इथे बाईच्या नावापुढे लिहितात. नवरा गेला की बायकोचं नावही त्याच वेळी कोरून ठेवतात, शेवटचं वर्ष तेवढं नंतर घालायचं. आपल्याकडे जिवंत माणसाचं नाव असं कोरलं तर लोक अंगावर येतील.

त्या 'गेब.'च्या पुढे वीतभर जागा मोकळी होती. डीटर गेल्यावर दगड घडवणाऱ्यानं विचारलं होतं, पुढे काय घालू? फ्राऊ लिंडनर, म्हणजे तोमिकोबाई, म्हणाल्या होत्या, थांबा जरा. तो थांबला. नऊ वर्षं थांबला.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहायला आले तेव्हा त्या सत्तरीच्या मध्यावर होत्या. बुटक्या, पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र आणि मानेवर बांधलेले. आठ वर्षं आम्ही एकमेकींना 'तुम्ही' म्हणत होतो आणि जर्मनमध्ये बोलत होतो. जर्मन दोघींचंही परकं होतं. त्यांचं जुनं आणि नीट, माझं नवीन आणि घाईचं.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर, आई तीन घरची धुणीभांडी करायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि आमच्या गल्लीत नावाआधी 'डॉ.' लागलेली मी एकटीच. हे मी सांगते, लपवत नाही. इथे एका संस्थेत मी भिंगं तपासते, त्यांच्या पृष्ठभागावर केसाच्या हजाराव्या भागाएवढी खोट असली तरी शोधायची हे माझं काम. डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी मी बेलवरची पट्टी बदलून 'डॉ. कांबळे' अशी लावली आणि तिचा फोटो घरी पाठवला. वडिलांनी तो लॅमिनेट करून घेतला.

फ्राऊ लिंडनर यांनी ती पट्टी दुसऱ्या दिवशी पाहिली. दारात थांबून मला रोजच्यापेक्षा थोडं जास्त वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही मिळवलंय. हे कुणाला परत मागता येणार नाही." मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलतं काहीतरी छानसं.

आमची खरी ओळख झाली ती जिन्यावर. इथे इमारतीचा जिना राहणाऱ्यांनी पाळीपाळीनं धुवायचा असतो. एक लाकडी पाटी असते, 'या आठवड्यात हाउसओर्डनुंग तुमची' अशी, म्हणजे सफाईची पाळी तुमची. आपलं झालं की ती शेजाऱ्याच्या दाराच्या मुठीला अडकवायची. पहिल्यांदा ती पाटी माझ्या मुठीला लटकली तेव्हा मला राग आला होता. केरसुणीपासून सुटायला मी इतकं शिकले, आणि सहा हजार किलोमीटरवर येऊन पुन्हा जिना पुसायचा? मी घाईघाईत फडकं मारलं. संध्याकाळी बघते तर फ्राऊ लिंडनर गुडघ्यावर बसून माझ्या पायऱ्या पुन्हा पुसत होत्या. मला लाजच वाटली. त्या इतकंच म्हणाल्या की कोपऱ्यातून सुरुवात केली की मधलं आपोआप होतं. त्यांच्या बादलीवर एक छोटं चित्र रंगवलेलं होतं, तीन पानं आणि दोनचार बारीक जांभळी फुलं. तसंच चित्र तळघरातल्या त्यांच्या सामानाच्या खोलीच्या दारावर, पत्रपेटीच्या किल्लीच्या बिल्ल्यावर, कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीवर. मला वाटलं, हौस असेल. पानं मात्र ओळखीची वाटली. मी म्हटलं, ही तर आमच्या तुरीची पानं. पुढच्या रविवारी मी त्यांना तुरीचं वरण नेऊन दिलं. त्यांनी वरणाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, म्हणजे आमच्या फुलाची बहीण तुम्ही शिजवता.

आवडलं का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. छान आहे. पुरणपोळी, छान आहे. थालीपीठ, छान आहे. एकदा माझ्याकडून आमटीत मीठ दोनदा पडलं, तीही छान होती. थंडी वाजते का विचारलं तर चालतंय. दुखतंय का, चालतंय. मला ते फार लागायचं. आमच्या घरी आई ताटाकडे न बघता सांगायची की कुणाला काय हवंय, आणि इथे मी वर्षानुवर्षं एका बाईच्या जिभेला काय आवडतं ते शोधत होते आणि सापडत नव्हतं.

दुसरी सवय आणखी विचित्र. त्या कुणाकडे पाठ करत नसत. माझ्या दारातून त्यांच्या दारात जायला चार पावलं. ती चार पावलं त्या मागे मागे जायच्या, हात मागे करून मूठ चाचपत, तोंड माझ्याकडे. मी एकदा म्हटलं, अहो, पडाल. त्या म्हणाल्या, पाठ फक्त घरच्यांना दाखवायची, लहानपणी असं शिकवलंय, आता शरीर ऐकत नाही.

तर ही बाई कोण, हे मला कळलं ते एका फॉर्ममुळे.

फॉर्म भरणं हा माझा प्रांत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांचे फॉर्म मी भरलेत. त्यामुळे फ्राऊ लिंडनर एका सकाळी नोंदणी कार्यालयाचा कागद घेऊन आल्या, अक्षरं बारीक आहेत म्हणाल्या, तेव्हा मी पेन घेऊन बसले. नाव, पत्ता, जन्मस्थान टोकियो. मग आलं 'जन्मनाव'. मी विचारलं. त्यांनी कागद थोडा बाजूला सारला. मी म्हटलं, वडिलांचं आडनाव सांगा. त्या म्हणाल्या, त्यांनाही नव्हतं. कागदोपत्री आहे एक, ते लिहा, पण जन्मले तेव्हा आम्हाला कुणालाच आडनाव नव्हतं.

आता मला वाटलं, मला समजलं. मी पेन खाली ठेवलं. मी त्यांना सांगितलं की माझ्या आजोबांनाही आडनाव नव्हतं. शाळेत घालताना मास्तरांनी हजेरीत काहीतरी लिहावं लागतं म्हणून लिहिलं. आमच्याकडे आडनाव विचारतात ते नाव कळावं म्हणून नाही, माणूस कुठं बसवायचा ते कळावं म्हणून. माझं आडनाव मी मुद्दाम ठसठशीत लिहिते. तुम्ही पण लाजू नका, गरीब घरात जन्माला येण्यात कमीपणा नाही. असं बरंच बोलले मी. त्यांचा हातसुद्धा हातात घेतला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "फ्राऊ डॉक्टर, तुमच्या आजोबांना कुणी दिलं नव्हतं. आम्हाला लागत नव्हतं."

त्यांच्या देशात राजघराण्यातल्या माणसांना आडनाव नसतं. लोकांच्या नोंदवहीत त्यांची नोंदच नसते, वेगळी वही असते. त्या घराण्याच्या एका धाकट्या शाखेत फ्राऊ लिंडनर जन्मल्या, राजकन्या म्हणून. युद्ध हरल्यावर धाकट्या शाखा कमी केल्या, आणि सहाव्या वर्षी त्या एका दिवसात सगळ्यांसारख्या झाल्या. मोठेपणी टोकियोत शिकवायला आलेल्या एका जर्मन भौतिकशास्त्रज्ञाशी त्यांनी लग्न केलं, आणि बर्लिनची भिंत पडल्यावर त्याच्या नोकरीपाठोपाठ या गावी आल्या. हे सगळं त्यांनी, आपण भाजी कुठून आणली ते सांगतो तितक्या साधेपणानं सांगितलं. मी ज्या हाताला धीर देत होते तो हात मी तसाच धरून बसले होते. सोडावा की धरावा ते कळेना. मग त्याच हसायला लागल्या. मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं ते त्या एकदाच.

त्यानंतर त्या थोडं थोडं सांगू लागल्या. लहानपणी एकदा त्यांनी जेवताना पर्सिमनच्या फळाकडे दोनदा पाहिलं. दाईनं ते टिपलं. मग सगळा हंगाम रोज पर्सिमन. एक दिवस ते आलं नाही तर स्वयंपाक्याला बोलणी बसली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की कशाकडेही दोनदा बघायचं नाही. हवं म्हटलं की कुणाला तरी त्रास होतो.

आणि शाळेतली गोष्ट. घर सुटल्यानंतरच्या पहिल्या हजेरीला बाईंनी एक आडनाव पुकारलं. कुणी ओ देईना. पुन्हा पुकारलं. तोमिकोसुद्धा मागे वळून बघत होती की ही कोण मुलगी, इतकी बेशिस्त. तिसऱ्यांदा पुकारून बाई तिच्या बाकापाशी आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याआधी घराबाहेरच्या कुणी तिला हात लावला नव्हता. फ्राऊ लिंडनर सांगत होत्या की त्यांना रडू आलं ते आडनावाचं नव्हे. हात इतका ऊबदार असतो हे माहीत नव्हतं म्हणून.

बादलीवरचं फूल हागीचं, तुरीच्या कुळातल्या तिकडच्या झुडपाचं. त्या घराण्यात मूल जन्मलं की त्याला एक झाड नेमून देतात, आणि त्याच्या वस्तूंवर नावाऐवजी ती खूण असते. नोकरांनी नाव लिहायचं नाही, उच्चारायचं नाही, म्हणून खूण. घर सोडायच्या आठवड्यात सगळं सामान एकत्र बांधलं जात होतं. तेव्हा त्यांची आई, जी मुलांना ठरल्या वेळी भेटत असे आणि कधी कुठल्या कामाला हात लावत नसे, स्वतः जमिनीवर बसली आणि फण्यांच्या एका लाकडी डबीवर तिनं स्वतःच्या हातानं हागी रंगवली. चित्र काही फार बरं नव्हतं. ती म्हणाली, उद्यापासून तुला आडनाव असेल, पण हेही राहू दे. आईच्या इतक्या जवळ बसल्याची त्यांची तेवढीच आठवण होती.

हे मला विश्वासानं सांगितलेलं होतं, आणि मी ते वाया घालवलं.

इथल्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम विद्यार्थी वसतिगृहाच्या हॉलमध्ये असतो. संशोधन करणारी पोरं, आयटीवाली कुटुंबं, सगळ्यांनी घरून फराळ आणायचा. मी फ्राऊ लिंडनर यांना घेऊन गेले. दारातच कुणीतरी विचारलं, या कोण? शेजारीण, इतकं पुरलं असतं. पण तिथे माझं आडनाव ऐकून आवाज अर्धी पट्टी खाली येणारी दोनतीन माणसं होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, जपानची राजकन्या आहे, माझी मैत्रीण.

मग काय! रांग लागली. फोटो, पोरांना पुढे करून फोटो, एक वहिनी म्हणाल्या मुकुट वगैरे काही आणलाय का. फ्राऊ लिंडनर उभ्या राहिल्या. प्रत्येकाला वाकून नमस्कार, तोंडावर तेच मंद हसू, हात पुढे जुळवलेले. तासभर तशाच. बसल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. कुणी शिकवल्याशिवाय असं उभं राहता येत नाही. मी चकलीची ताटली घेऊन बाजूला उभी होते.

घरी आल्यावर त्या मागे मागे चार पावलं गेल्या आणि दार लावलं. पाच आठवडे बेल वाजली नाही. जिन्याची पाटी माझ्या मुठीला लटकायची, पण लावताना आवाजही यायचा नाही.

सहाव्या आठवड्यात मी जिना धूत होते, कोपऱ्यापासून. त्यांचं दार उघडलं. त्या बादली घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर गुडघे टेकले. मी माफी मागितली, जर्मनमध्ये आणि मग मराठीतही, कारण जर्मनमधली मला अपुरी वाटली. त्या पायरी पुसत म्हणाल्या, "ते लोक माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे ती सहा वर्षांची मुलगी उभी होती, तिच्याकडे बघत होते. मी सुद्धा रोज तिच्याकडेच बघते, फ्राऊ डॉक्टर. म्हणून मला राग आला."

त्या दिवशी आम्ही तिन्ही मजले धुतले. दोघींच्या पाळ्या संपल्या.

गेल्या वर्षी त्या स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण डीटरची पुतणी न्युरेम्बर्गहून आली आणि तिनं तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात जागा घेतली. चांगली बाई आहे, वाईट काही केलं नाही तिनं. महिनाभरात निघायचं ठरलं. सामान आवरताना फ्राऊ लिंडनर यांनी ती लाकडी डबी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं की मी फॉर्म चांगले भरते, तर हा एक भरता येईल का.

त्यांना दगडावर 'गेब.'पुढे हागी कोरून हवी होती. कागदोपत्री असलेलं आडनाव नको. ते सहाव्या वर्षी मिळालेलं होतं, जन्माचं नव्हतं. आणि हे आत्ताच व्हायला हवं होतं, कारण त्या गेल्यावर त्या जागी काय असायला हवं ते सांगायला कुणी उरणार नव्हतं. पुतणी कागद बघून आडनाव घालून टाकेल, आणि त्यात तिची चूकही नसेल.

डबीवरचा रंग जवळजवळ गेला होता. बोटांनी घासून घासून लाकूड उघडं पडलं होतं. मी ती संस्थेत नेली आणि आम्ही भिंगावरचे चरे बघायला करतो तसं केलं. आडवा उजेड सोडला, अगदी पृष्ठभागाला चिकटून. रंग नव्हता, पण ब्रशनं दाबलेल्या रेषा लाकडात होत्या. एक पान दोनदा काढलेलं दिसलं, आधीचं चुकलं असणार. त्यावरून मी आराखडा काढला, मोजमापांसकट, आणि दफनभूमीच्या कार्यालयाला अर्ज केला.

उत्तर आलं की फुलाची नक्षी चालेल, पण कोपऱ्यात. 'गेब.'पुढे नाव अपेक्षित आहे.

मी भांडायच्या तयारीनं गेले. फ्राऊ लिंडनर सोबत होत्या, काठी घेऊन, हॅट घालून. टेबलामागे हेर फोग्ट नावाचे गृहस्थ होते, पन्नाशीचे, समोर नियमांची फाईल. मी बोलत सुटले. हे चित्र नाही, हे नाव आहे, आमच्याकडे अंगठासुद्धा सही म्हणून चालतो, मग फूल का नाही. हेर फोग्ट शांतपणे म्हणाले की त्यांना समजतं, पण बाईंकडे जन्मनाव नोंदलेलं आहे, ते घालावं, सगळे तेच घालतात. आणि मग त्यांनी फ्राऊ लिंडनर यांना विचारलं, तसं चालेल ना?

मला उत्तर माहीत होतं. आठ वर्षं ऐकत होते. चालतंय.

त्यांनी डबी टेबलावर ठेवली. दोन्ही हातांनी, चित्राची बाजू हेर फोग्ट यांच्याकडे करून. आणि म्हणाल्या, "नाही. मला हे हवंय."

आवाज मोठा नव्हता. पण डबीवरचे हात त्यांनी काढले नाहीत. हेर फोग्ट यांनी डबी हातात घेतली नाही, नुसतं वाकून पाहिलं. मग फाईल उघडली, बराच वेळ चाळली. आल्झो, ते म्हणाले, तर मग, 'गेब.'च्या पुढे अक्षरंच असावीत असं इथे कुठे लिहिलेलं नाही. आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, बसताय का जरा? त्या म्हणाल्या, हो, आणि मला तुमचं ते वरण हवंय, आज. आणि थालीपीठ मला कधीच आवडलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी पुतणीनं गाडी दफनभूमीच्या फाटकाशी उभी केली. आम्ही दोघी आत गेलो. दगड घडवणाऱ्यानं काम आदल्या दिवशीच संपवलं होतं, खाचेत अजून पांढरी भुकटी होती. तीन पानं, चार फुलं, आणि ते दोनदा काढलेलं पानसुद्धा, मी आराखड्यात मुद्दाम ठेवलेलं. फ्राऊ लिंडनर यांनी हातमोजा काढला आणि त्या पानावर बोट फिरवलं. एकदा. मग पुन्हा बघितलं. दोनदा बघितलं. जपानीत काहीतरी म्हणाल्या, लहान मुलाच्या आवाजात. ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही.

डबी त्यांनी मला दिली. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या की तिकडे त्यांच्या खोलीच्या दारावर त्यांचं नाव छापून लावणार आहेत, खुणेची गरज नाही.

या मार्चमध्ये त्यांना परत आणलं, एका छोट्या कलशात. आम्ही सहा माणसं होतो. हेर फोग्ट एका बाजूला उभे होते, हॅट हातात. आता दगडावर शेवटचं वर्षही आहे. रविवारी मी वर जाते, खाचेतलं शेवाळं काढते, कोपऱ्यातून सुरुवात करून. दगडापुढच्या फुलझाडाची माती बदलते. समोरच्या दारात आता एक तरुण जोडपं राहतं, पाटी लावताना बेल वाजवतं, चांगलं आहे. तरी पाटी हातात आली की मी अजून क्षणभर समोरच्या दाराकडे बघते, ते उघडेल म्हणून.

पण फ्राऊ लिंडनर म्हटलं की मला तो कलश आठवत नाही. मला आठवते ती त्यांची निघायच्या दिवसाची पायवाट. दगडापासून फाटकापर्यंत चाळीसेक पावलं असतील, उताराची, ओली पानं पडलेली. मी दगडापाशीच थांबले होते. त्यांनी मला नमस्कार केला, नेहमीसारखा. मी वाट बघत होते की आता त्या मागे मागे जातील आणि मला ओरडावं लागेल, अहो, पडाल.

त्या वळल्या. काठी टेकत, हळूहळू, माझ्याकडे पाठ करून चालत गेल्या. फाटकापर्यंत. मागे एकदाही वळून पाहिलं नाही.